पोरांचा पेरा: खान्देशातल्या घरी लहान मुलांसोबत बी कसं लावायचं आणि पाना-मातीचे खेळ कसे करायचे

मुलांसाठीचं ‘गार्डनिंग किट’ ऑनलाइन मागवायच्या विचारात असाल तर आधी स्वयंपाकघरातले डबे उघडून बघा. मूग, मटकी, चवळी, मेथी, धणे, गहू, दादर (रब्बीची ज्वारी). पहिल्या पेऱ्याला लागतं ते बहुतेक सगळं तिथेच सापडेल. माती अंगणात, नाहीतर कुणा नातेवाइकाच्या शेतात आहेच, आणि कुंडीचं काम दह्याचा रिकामा डबा करतो. किटमध्ये मिळत नाही तो हंगाम. आपल्याकडे मुलांचा पेरा फसतो तो बहुतेक वेळा हंगाम चुकल्यामुळे, नाहीतर मोठ्यांनी मध्ये हात घातल्यामुळे. बी वाईट निघालं म्हणून क्वचितच.

ज्यांनी आजवर एक कुंडीही लावलेली नाही अशा आईबाबांसाठी, आजीआजोबांसाठी आणि अंगणवाडीच्या ताईंसाठी हे लिहिलंय. मुलं साधारण तीन ते आठ वर्षांची धरली आहेत.

मोठ्यांचा पेरा तेव्हाच पोरांचा

मृग ७-८ जूनला लागतो. पण पंचांगात मृग लागला म्हणून लगेच डबे भरायला बसू नका. शेतकरी दोन चांगल्या पावसांची वाट बघतो, तशी बघा. गच्चीची फरशी दुपारीही अनवाणी पायाला सोसायला लागली की वेळ झाली असं समजा. तिथून पुढे पावसाळाभर चवळी, मूग, भेंडी, गवार, गिलके (घोसाळं), मका, झेंडू यांतलं काहीही लावा, उगवतं. झेंडू जुलैत लावला तर दसऱ्याच्या तोरणात मुलाच्या हातची चार फुलं ओवता येतात. कोजागिरीनंतर थंडीचा पेरा: मेथी, धणे, पालक, हरभरा, गहू. तो जानेवारीपर्यंत चालतो. अगदी नवख्यांना मी हाच सुचवते, कारण ऊन सौम्य असतं आणि एखाद दिवस पाणी घालायचं विसरलं तरी रोप माफ करतं.

मार्चच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत मात्र बाहेर काही पेरू नका. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा छोट्या डब्यातली माती तव्यासारखी तापते आणि कोवळा मोड आतल्या आत शिजतो. त्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी! दुपारी नळाला येतं ते हात भाजेल असं, आणि मुलं नेमकं तेच भरून ओततात. उन्हाळा घरातल्या बरणीसाठी, बिया गोळा करण्यासाठी आणि चिपाडाच्या खेळण्यांसाठी ठेवा. ते सगळं पुढे येतंय.

कोणतं बी घ्यायचं

लहान मुलाचा धीर तीन-चार दिवस टिकतो. म्हणून पहिलं बी लवकर उगवणारं आणि चिमटीत धरता येईल इतकं मोठं हवं. चवळी दोन्हींत बसते. पावसाळ्यात चार-पाच दिवसांत ती माती उचलून वर येते, आणि येताना आपली दोन जाड दलं डोक्यावर घेऊन येते. आपण पेरलं तेच बी फुटून वर आलंय हे मुलाला डोळ्यांनी दिसतं. हरभऱ्याची दलं मातीतच राहतात आणि वर नुसता कोंब येतो. ऑक्टोबरात दोन्ही शेजारी शेजारी लावून बघा. सहा वर्षांचं पोर हा फरक तुम्ही न सांगता हेरतं.

मूग दोन-तीन दिवसांत उगवतो, मेथी तीन-चार, गहू-ज्वारी तीन ते पाच, झेंडू पाच-सहा. भेंडीला आठवडा लागतो. बी रात्रभर भिजवलं तर थोडा कमी. गिलके आठ-दहा दिवस घेतं. धणे सगळ्यांत रेंगाळतात, दहा-बारा दिवस. अख्खा धणा म्हणजे दोन बिया जोडून असतात. तो लाटण्याखाली हलकेच रगडून त्याच्या दोन फाका करायच्या आणि मग पेरायचा. रगडायचं काम मुलांकडे द्या, पण जोर किती लावायचा ते आधी करून दाखवा, नाहीतर धण्याची पूड होते आणि ती भाजीतच टाकावी लागते.

डाळ उगवत नाही हे आधी सांगून टाकू नका. एका डब्यात अख्खी तूर आणि एकात तूरडाळ पेरू द्या. भाजलेला शेंगदाणाही पेरू द्या.

रावेर, यावल, सावदा या केळीच्या भागातल्या मुलाकडून एक प्रश्न हमखास येतो: केळीचं बी कुठे असतं? केळं उभं चिरून मधले बारीक काळे ठिपके दाखवा. त्या बिया होता होता राहिल्या. म्हणूनच केळी कंद लावून नाहीतर टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं आणून लावतात. शेत जवळ असेल तर कंदाशेजारी फुटलेलं पिल्लू दाखवून आणा.

कोणतं बी अजिबात नको

हा भाग घाईघाईत वाचू नका.

शेतातून उरलेलं पाकिटातलं बियाणं मुलांच्या हाती देऊ नका. कपाशी, मका यांच्या विकतच्या बियाण्याला कीडनाशक, बुरशीनाशक चोळलेलं असतं. त्याला गुलाबी, निळा, हिरवा रंग देतात तो इशारा म्हणून. मोठ्यांना तो इशारा वाटतो, मुलाला ती गोळी-चॉकलेट वाटते. जूनमध्ये आपल्याकडे घरोघरी अशी अर्धी फोडलेली पाकिटं कोनाड्यात, खाटेखाली, मोटारसायकलच्या डिकीत पडलेली असतात. पेऱ्याचा खेळ सुरू करण्याआधी ती शोधून उंचावर, कुलपात ठेवा. एकदा का ‘बी म्हणजे मजा’ हे मुलाला शिकवलंत की ते कोणतंही बी उचलणार. रिकामी पाकिटं आणि फवारणीचे डबेही कुंडी म्हणून वापरायचे नाहीत, कितीही धुतले तरी.

दुसरं म्हणजे बांधावरच्या बिया. एरंड, मोगली एरंड (काही गावांत याला चंद्रज्योत म्हणतात), गुंज, धोत्रा, पिवळी कण्हेर या पाचांच्या बिया विषारी आहेत. मोगली एरंडाचं कुंपण पुष्कळ शेतांना असतं आणि त्याच्या बियांची चव वाईट नसते, म्हणून मुलं त्या फोडून खातात. गुंज लाल-काळी, देखणी. माळेसाठी, डोळ्यांसाठी तिचा मोह होतो. मुलांच्या कामात ती नको म्हणजे नकोच. रुईची पानं तोडू देऊ नका, चीक डोळ्यात जातो. सीताफळाच्या बिया लावायला हरकत नाही, पण ठेचायच्या नाहीत. ती पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते. मुलानं यांतलं काही चावल्याचा नुसता संशय आला तरी उलटी होते का ते बघत बसू नका, बोट घालून उलटी काढूही नका. उरलेलं बी सोबत घेऊन दवाखाना गाठा, नाहीतर १०८ ला फोन करा.

तिसरं, नाक आणि कान. मुगाचा दाणा नाकात घालणारं एखादं पोर प्रत्येक गल्लीत असतं. तो तिथल्या ओलाव्यानं फुगतो. पाणी घालू नका, चिमट्यानं ओढू नका. डॉक्टर दोन मिनिटांत काढतात. हरभरा, शेंगदाणा श्वासनळीत जाण्याचा धोका त्याहून मोठा. म्हणून तीन वर्षांखालचं भावंड जवळ खेळत असेल तर त्याच्या हाती बी देऊ नका. त्याला माती भरायला आणि पाणी घालायला बसवा, ते त्यावरच खूश असतं.

माती

काळी माती शेतात कितीही कसदार असली तरी छोट्या डब्यात ती मुलांना जड जाते. पाणी घातलं की चिखल, वाळली की भेगा, आणि भेगेत कोवळं मूळ तुटतं. दोन वाट्या माती, एक वाटी जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत, एक वाटी नदीची रेती असं मिसळून घ्या. शेणखत काळं, मोकळं आणि वास नसलेलं हवं. ताजं शेण नको, ते डब्यात तापतं आणि मुळं जाळतं. मिश्रण ओलं करून मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटानं टिचकी मारल्यावर फुटला तर बरोबर. फुटलाच नाही तर आणखी रेती घाला.

माती चाळायचं काम मुलांचं. त्यासाठी जुनी चाळणी कायमची देऊन टाका, ती परत स्वयंपाकघरात येणार नाही. दगड उचलायला मात्र आधी मोठ्यांनी हात घालायचा, आणि तोही काठीनं दगड उलटून; पावसाळ्यात विंचू दगडाखालीच असतो.

पहिला पेरा

१. डब्याच्या तळाला चार भोकं पाडा. खिळा तापवून पाडायची, हे मोठ्यांचं काम. भोकांवर फुटक्या माठाची खापरी ठेवा म्हणजे माती वाहून जात नाही.

२. खाली जुनं पोतं अंथरा आणि माती मुलाला भरू द्या. काठापासून दोन बोटं मोकळी ठेवायची. निम्मी बाहेर सांडेल. सांडू द्या.

३. बी टाकायच्या आधी माती ओली करा, नंतर नाही. नंतर ओतलेल्या पाण्यानं बी वाहून एका कडेला जमतं, नाहीतर खोल गाडलं जातं.

४. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल जायला हवं. चवळी, मका, भेंडी यांच्यासाठी मुलाच्या बोटाचं पहिलं पेर मातीत रोवायचं आणि त्या भोकात बी सोडायचं. मेथी आणि झेंडू वरून पसरून चिमटीनं माती भुरभुरायची.

५. एका डब्यात तीन बिया, आणि प्रत्येक मुलाचे दोन डबे. एक रुसला तर दुसरा असतो.

६. डब्यावर मुलाचं नाव. लिहिता येत नसेल तर त्यानं काढलेलं चित्र. घरातल्या दिनदर्शिकेवर पेरल्याच्या तारखेला तेच बी चिकटवून ठेवा म्हणजे ‘किती दिवस झाले’ हे मूल स्वतः मोजतं.

७. वरून कांद्याच्या गोणीची जाळी बांधा. खारी बी उकरतात, बाजरी मुंग्या नेतात आणि शेजारची कोंबडी सगळंच.

हात साबणानं धुवायचे, नखांसकट.

पाणी, आणि वाट बघणं

मुलांच्या हातून बी मरतं ते तहानेनं कमी, बुडून जास्त. मग्यानं पाणी घालू देऊ नका. छोट्या बाटलीच्या झाकणाला सुईनं सात-आठ भोकं पाडून ती झारी म्हणून द्या. रोज सकाळी मुलानं बोट मातीत रोवून बघायचं. बोटाला माती चिकटली तर आज पाणी नाही. कोरडं निघालं तर झारीनं घालायचं. तीन वर्षांचं मूलही हा नियम पाळतं, आणि दुसऱ्याला पाळायला लावण्यात त्याला जास्त रस असतो.

दुसऱ्या दिवसापासून ‘आजी, बी मेलं का?’ सुरू होतं आणि मुलं उकरून बघतात. रागावून उपयोग नाही. त्यासाठी पेरतानाच एक जास्तीचा ‘उकरायचा डबा’ करा. त्यात आठ-दहा चवळ्या टाका आणि सांगा, यातून रोज एक काढून बघायची. पहिल्या दिवशी बी नुसतं फुगलेलं, मग सालीवर सुरकुती, मग पांढरं मूळ. कोंबाच्या आधी मूळ येतं, हे असं उकरल्याशिवाय कळत नाही. बाकीच्या डब्यांना मग कुणी हात लावत नाही.

बी ठरल्या दिवसांत नाहीच आलं तर? मोठी माणसं रात्री गुपचूप दुसरं रोप आणून खोचतात, मुलाला वाईट वाटू नये म्हणून. माझं यावर स्पष्ट मत आहे की असं करू नये. सकाळी मुलासोबत डबा उपडा करा, बी शोधा. पिलपिलीत आणि वास येणारं असेल तर पाणी जास्त झालं. तसंच टणक असेल तर पाणी पोचलं नाही. सापडलंच नाही तर मुंगी किंवा खार. मग त्याच मातीत पुन्हा पेरा.

उगवल्यावर डबा लगेच उजेडात ठेवा, सकाळचं चार-पाच तास ऊन मिळेल असा. खोलीत राहिला तर रोपं लांब, फिकी होतात आणि आडवी पडतात. मेथी तीन आठवड्यांत मूठभर निघते. ती मुलाच्याच हातानं कापून त्या दिवशीच्या भाजीत घाला. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीसोबत स्वतःची मेथी खाणारं मूल एरवी मेथीला हातही लावत नसतं.

बरणीतलं बी आणि न भिजणारा कापूस

उन्हाळ्यासाठी, किंवा अंगण नसलेल्यांसाठी. काचेच्या बरणीत आतून जाड टिश्यू किंवा जुन्या सुती कपड्याची गुंडाळी लावा, काच आणि कापडाच्या मध्ये चवळी, मका, हरभरा अडकवा, तळाला दोन बोटं पाणी ठेवा. कापड पाणी वर ओढतं. तीन दिवसांनी बरणी आडवी करा. पुढच्या दोन-तीन दिवसांत मूळ वळून पुन्हा खालच्या दिशेला जाताना दिसतं. पाणी दर दिवसाआड बदला, नाहीतर बुरशी धरते.

हाच प्रयोग पुस्तकांत कापसावर करायला सांगतात, आणि आपल्याकडे कापसाला तोटा नाही म्हणून लोक घरातला कापूस घेतात. तो भिजतच नाही. शेतातल्या कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. औषधाच्या दुकानातल्या कापसावरचा तो थर काढून टाकलेला असतो. दोन्हींचे बोळे पाण्याच्या भांड्यात टाकून मुलांना बघू द्या. एक तरंगत राहतो, दुसरा क्षणात बुडतो. मग घरच्या कापसातून सरकी काढायला बसवा. बोटांनी धागा सोडवताना एक सरकी किती घट्ट धरून बसलेली असते ते कळतं, आणि जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी काढतात त्या गिरणीत) यंत्र काय करतं हेही सांगता येतं. सरकी तोंडात मात्र जाऊ देऊ नका.

घटाशेजारचा एक डबा

नवरात्रात घरी घट बसत असेल तर वेगळा प्रयोग मांडायची गरजच नाही. शेतातली काळी माती, त्यात धान्य, रोज पाणी, नऊ दिवस. आजीच्या परवानगीनं त्याच दिवशी, त्याच मातीत, तोच गहू एका डब्यात पेरा आणि तो डबा अंगणात ठेवा. पाचव्या-सहाव्या दिवशी दोन्ही बाजूबाजूला बघा. देवघराच्या कोपऱ्यातला गहू उंच, नाजूक, पिवळसर. अंगणातला बुटका, जाड, हिरवा. अंधारात रोप उजेड शोधत नुसतं लांबत जातं आणि हिरवा रंग धरायला त्याला उजेड लागतो. घटातल्या कोंबांना सोन्यासारखा पिवळा रंग का, याचं उत्तर मुलाला मिळतं आणि श्रद्धेलाही कुठे धक्का लागत नाही. घट मात्र हलवायला सांगू नका, ते आजीच ठरवणार.

चिपाडाचा चष्मा, चिपाडाची बैलगाडी

हा सगळ्यांत स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यांत चांगला खेळ. ज्वारीचं वाळलेलं ताट, म्हणजे धांडा, लागतं; तेच आपलं चिपाड. दादर काढल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये कडब्यात हवं तेवढं मिळतं. जाड, सरळ, कीड न लागलेली ताटं निवडा. काळे डाग पडलेली, पावसात भिजलेली नकोत. त्यांचा गाभा भुसभुशीत होतो.

दोन पेरांमधली कांडी कापून घ्या. बाहेरची साल नखानं किंवा सुरीनं उभी सोलायची. ही साल ब्लेडसारखी कापते, म्हणून सोलणं मोठ्यांकडे. आत पांढरा, हलका गाभा राहतो. बस, एवढ्या दोनच वस्तूंत सगळं होतं. गाभा म्हणजे लाकूड, सालीच्या पट्ट्या म्हणजे खिळे. डिंक, सेलोटेप काही लागत नाही. पट्ट्या दहा मिनिटं पाण्यात ठेवल्या तर वाकवताना तुटत नाहीत.

आधी चष्मा, कारण तो पाच वर्षांच्या मुलालाही जमतो. गाभ्याचे अंगठ्याच्या पेराएवढे तीन तुकडे घ्या: एक नाकावरचा, दोन कानांकडचे. नाकावरच्या तुकड्यात एका पट्टीचं टोक खुपसा, ती वर कमान करून कानाकडच्या तुकड्यात खुपसा. दुसरी पट्टी खालून तशीच. झाली एक काच. दुसऱ्या बाजूला तेच. मग दोन लांब पट्ट्या काड्या म्हणून लावा, आणि त्यांच्या मागच्या टोकांना गाभ्याचा एकेक छोटा तुकडा टोचा, म्हणजे टोक डोळ्यात किंवा कानात जाणार नाही. हा तुकडा विसरू नका. मुलं नेमका तोच काढून टाकतात.

बैलगाडीला सात-आठ वर्षांचं मूल आणि शेजारी बसलेले आजोबा हवेत. बुडखाकडच्या जाड ताटातून बोटाएवढ्या रुंदीच्या चार चकत्या कापा. त्यातल्या दोन उत्तम गोल असतील त्या चाकं. एक सालीची कडक काडी दोन्ही चकत्यांच्या मधोमध घालून आस करा. गाभ्याच्या दोन समांतर कांड्या आडव्या सालीच्या काड्यांनी जोडल्या की साटा झाला. तो आसावर ठेवून दोन वाकवलेल्या पट्ट्यांनी खालून अडकवा, घट्ट नाही, आस फिरला पाहिजे. पुढे एक लांब कांडी दांडी म्हणून, तिच्या टोकाला आडवं जू. बैलांसाठी दोन इंचाचा गाभा अंग, छोटा तुकडा डोकं, चार काड्या पाय, दोन बारीक वाकड्या पट्ट्या शिंगं. शेपूट मक्याच्या केसांची. पहिली गाडी वाकडीच चालते. ती सरळ करून द्यायला हात शिवशिवतात तेव्हा ते खिशात ठेवा.

पोळ्याचे बैल

श्रावण अमावस्येला पोळा. त्याच्या चार दिवस आधी माती भिजवा. काळी माती चाळून रात्रभर पाण्यात ठेवायची, वरचं पाणी ओतून द्यायचं आणि पोळीच्या कणकेइतकी होईपर्यंत मळायची. नुसती वापरली तर वाळताना बैलाचे पाय तडकतात, म्हणून मळतानाच कापूस विंचरून त्याचे धागे मिसळा. ते आतून धरून ठेवतात. बारीक भुसाही चालतो. पाय वेगळे चिकटवण्याऐवजी एकाच गोळ्यातून चिमटून ओढायला शिकवा, ते सुटत नाहीत. सावलीत वाळवा. उन्हात ठेवलेला बैल संध्याकाळपर्यंत तीन ठिकाणी फुटलेला असतो.

वाळत आल्यावर पोटाखाली काडीनं भोक पाडून दोन-तीन झेंडूच्या किंवा अंबाडीच्या बिया घालता येतात, वर मातीचं बूच. ओल्या मातीत घालू नका, आतच मोड येतात. पोळा झाला की बैल डब्यात मातीवर ठेवून रोज थोडं पाणी शिंपडायचं. बैल विरघळतो आणि पोटातून रोपं येतात. काही मुलांना बैल विरघळलेला बघवत नाही. त्यांचा ठेवून द्या.

थोडे रंग-ठसे

केळीच्या पानाचा जाड देठ आडवा कापला की आत चौकोनी खोल्यांची जाळी दिसते. गेरूच्या किंवा पोस्टर रंगाच्या जाड पाण्यात बुडवून कागदावर दाबा. भेंडीचं टोक कापलं की पाच पाकळ्यांचं फूल उमटतं. जुने कपडे घाला, केळीचा चीक कपड्यावरून जात नाही हे केळीपट्ट्यात कुणाला सांगायला नको. हळदीच्या पाण्यानं कागद रंगवून वाळवा, मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलेल्या काडीनं त्यावर लिहा. अक्षरं लालसर उमटतात, आणि लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. सोड्याऐवजी पानाचा चुना वापरू नका, डोळ्यांचा प्रश्न आहे. सातपुड्याच्या पायथ्याला राहत असाल तर फाल्गुनात पळसाची पडलेली फुलं वेचून उकळा, नारिंगी रंग मिळतो. पडलेलीच वेचा.

सीडबॉलबद्दल

शाळांमध्ये हे फार चाललंय. माती, खत, बी यांचे गोळे करायचे, टेकडीवर फेकायचे, फोटो काढायचे. गोळे करण्यात मुलांना मजा येते, ती येऊ द्या. पण उघड्या खडकावर फेकलेल्यांतले फार थोडे जगतात, आणि जगले का ते बघायला कुणी जात नाही. त्यापेक्षा दहाच गोळे करा आणि रोजच्या वाटेवरच्या कुंपणाशी, जिथे बकऱ्या पोचत नाहीत तिथे, दोन पावसांनंतर अर्धे मातीत दाबून ठेवा. निंबोळी घालणार असाल तर जून-जुलैत झाडाखाली पडलेली ताजी घ्या, गर धुऊन काढा आणि दोन आठवड्यांच्या आत लावा; निंबोळीची उगवण्याची ताकद फार लवकर जाते. चिंचोका वर्षभरानंतरही उगवतो, फक्त आदल्या दिवशी भिजत घालायचा.

पुढच्या वर्षाचं बी

पेरलेल्यातलं सगळं खाऊन संपवू नका. चवळीच्या चार शेंगा वेलावरच वाळू द्या, हातात धरल्यावर खडखडल्या की तोडा. गिलक्याचं एक फळ तर मुद्दाम विसरा. ते वेलावर तपकिरी होतं, हलकं होतं, कानाशी हलवलं की आत बिया वाजतात. टोकाची टोपी मोडून उलटं धरायचं, काळ्या बिया सरसर बाहेर पडतात. त्या पडतात तेव्हा खाली ताट धरायला दोघातिघांची भांडणं होतात. साल पाण्यात भिजवून सोलली की आतली जाळी मोकळी होते. तिचे तुकडे करून मुलांना अंघोळीला अंग घासायला द्या.

बी सावलीत तीन-चार दिवस वाळवा. दाताखाली धरून दाबल्यावर कट् आवाज आला, दाताची खूण उमटली नाही, तर वाळलं. हे दात मोठ्यांचे. चुलीची थंड, चाळलेली राख मिळाली तर थोडी मिसळा, नाहीतर कडुनिंबाची सुकी पानं घालून कोरड्या काचेच्या बाटलीत भरा आणि घट्ट झाकण लावून अंधाऱ्या फडताळात ठेवा. बाटलीवर काय आहे ते, कुठल्या महिन्यातलं आणि कुणाचं ते लिहून ठेवा. मुलाचं नाव मोठ्या अक्षरात, नाहीतर मृग लागल्यावर पुन्हा वाद.